अर्थिंगचं पाणी

"मयेकरानू, फ्रीज परत चावता हा! जरा येवन बघा."

खालून, पहिल्या मजल्यावरून गुणवंतीबाईची हाक आली, तसा धोंडू मयेकर खाटेवरून टुणकन उठला. धुतलेला शर्ट चढवला, भांग पाडला, तोंडाला पावडर लावली. फ्रीज तपासायला पावडर कशाला लागते, देव जाणे! पण संपानंतर गिरणीने या वायरमनला परत घेतलं नव्हतं, बायको त्याआधीच गेली होती, मुलगा सुरतेला. अख्ख्या काळाचौकीत त्याला नावाने हाक मारणारं हे एकच दार उरलं होतं.

गुणवंतीबाईही एकटीच. ओल्या नारळाचं वाटण करून नोकरीवाल्या बायकांना विकायची, म्हणून तिने जुना फ्रीज घेतला होता. ओल्या हाताने दार धरलं की मुंग्या यायच्या. धोंडूने अर्थिंगची वायर मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला बांधून दिली होती. चाळीत सगळे तसंच करायचे. पाइपाला गंज चढला की वायर सैल व्हायची आणि हाक यायची. धोंडू काचकागदाने गंज खरवडायचा, वायर पुन्हा आवळायचा, मग चहा व्हायचा. चहाबरोबर गावच्या गप्पा. खाली चौकात खड्डा खणून पक्कं अर्थिंग करायला हवं, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण पक्कं झालं की हाक बंद! म्हणून मेला आजचं उद्यावर ढकलत होता.

आज मात्र चहाचं नाव नव्हतं. गुणवंतीबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. वाटणाचं पातेलं पालथं पडलं होतं.

"ह्या टायमाक मुंग्या नाय वो. धरूनच ठेवल्यान माका. पाय घसारलो म्हणान सुटलंय."

धोंडूने मेन स्विच बंद केला आणि मोरीत डोकावला. काल प्लंबर येऊन गेला होता. गंजक्या लोखंडी पाइपाच्या जागी त्याने प्लास्टिकचा पाइप बसवला होता आणि अर्थिंगची वायर इमानाने त्याच प्लास्टिकला गुंडाळून ठेवली होती. त्यातून वीज जमिनीत जाणार कशी? कपभर चहासाठी आपण या बाईचा जीव टांगणीला लावला! त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"वैनीनू, आता पक्कं करतंय," एवढंच तो बोलला.

चौकाच्या कोपऱ्यात त्याने छातीइतका खड्डा खणला. गिरणीत करायचे तसा लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, जाड वायर भिंतीवरून वर नेली. फ्रीजच्या मोटरची सोललेली वायरही बदलली. मग मेन स्विच चालू करून, अर्थिंग लागलं का बघायला टेस्ट लॅम्प लावला. लख्ख पेटला. गुणवंतीबाईने घाबरत घाबरत ओला हात दाराला लावला आणि हसली.

"काय्येक लागना नाय! आता तुमका घडये घडये त्रास नाय."

चहा झाला. त्यानंतर हाक आली नाही.

पण खड्डा ओला राहायला हवा ना, कोरड्या मातीत वीज उतरत नाही! उन्हाळा लागला तसा धोंडू रोज सकाळी पाण्याने भरलेला तांब्या घेऊन खाली उतरू लागला. शर्ट, भांग, पावडर, सगळं तसंच. तिच्या दारावरून जाताना ती विचारायची, "पाणी घालूक चाललात?" तो म्हणायचा, "व्हय." एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा.

एक दिवस तो खाली पोचला तर खड्डा आधीच ओला. वर पाहिलं. गुणवंतीबाई कठड्याशी रिकामी कळशी घेऊन उभी होती.

"तुमचे गुडघे दुखतत, जिन्यात बघलंय मी. ह्यापुढे मीच घालतलंय. तुम्ही उगाच त्रास घेव नकात."

किती मायेने बोलली बिचारी! धोंडूने मान हलवली.

"बरा झाला," तो म्हणाला.

आणि भरलेला तांब्या हिंदकळू न देता, एकेक पायरी जपत तो जिना चढू लागला.