टोपलीतला पाहुणा

आमच्या घरामागच्या टेकडीवरून कांचनजंगा जसा दिसतो तसा अख्ख्या सिक्कीममधे कुठूनच दिसत नाही. हे मी तरफदारबाबूंना फोनवर ठासून सांगितलं तेव्हा मला माझं कुंपणही दिसत नव्हतं. अकरा दिवस ढग बसला होता.

"बाबा, डोंगर काय तुमच्या बापाचा आहे?" फुंगमा म्हणाली.

"बापाचाच. त्याच्या वेळेपासून समोर उभाय."

तरफदारबाबू कोलकात्याच्या एका टूर कंपनीचे. एक दिवस राहून, खाऊन, पिऊन, बघून ते घरं निवडायचे. आमचं घर यादीत आलं तर पाहुणे येणार आणि त्यांचा स्वयंपाक करायला फुंगमा इथे राहणार. नाहीतर ती गुरुवारच्या जीपने निघणार, बंगळुरूला, ब्युटी पार्लरमधे. बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

"नाही आलं तर मला थांबवायचं नाही," ती म्हणाली होती. मी हो म्हटलं. मी फार लवकर हो म्हणतो.

बाबू आले. कानटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर दुसरा मफलर. बांबूच्या कोंबातलं डुकराचं मटण त्यांनी तीनदा भात घेऊन खाल्लं. माझा जीव भांड्यात पडला. मग मी तोंग्बा आणली.

तोंग्बा म्हणजे मगात आंबवलेली नाचणी, वरून गरम पाणी, आणि नळीने ओढायचं. आमच्यात पाहुण्याचा मग कोरडा पडू देत नाहीत. नको झालं की पाहुणा भरलेला मग तसाच ठेवतो. बाबूंच्यात बहुतेक भरलेलं टाकून उठत नसावेत. मी ओतत गेलो, ते संपवत गेले. दोघंही फार सभ्य.

"अजून आहे?" ते घाबरून विचारायचे.

"भरपूर आहे, बाबू. लाजू नका."

पाच वाजता त्यांनी कोंबडीला "येतो हं वहिनी" म्हटलं आणि बाकावरच आडवे झाले.

सकाळी बघतो तर आभाळ धुतल्यासारखं. आणि बाबू उठेनात. पाणी मारलं, घंटा वाजवली, फुंगमाने नाकाखाली मिरची धरली. ते शिंकले आणि कूस बदलली.

"डोकोत घालू," मी म्हटलं.

"बाबा, तो पाहुणा आहे."

"मग काय झालं? या डोकोतून मी तुझी आजी नेलीय, बटाटे नेलेत, एकदा फ्रिज नेलाय. कुणी तक्रार केली नाही."

डोको म्हणजे पाठीवरची टोपली, पट्टा कपाळावर. तिच्यात माणूस मागे तोंड करून बसतो, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. नेमकं त्या सकाळी आठवलं नाही.

मी चढलो. फुंगमा मागून ढकलत होती. वर पोचलो तर समोर कांचनजंगा, डोक्यापासून पायापर्यंत, कोवळ्या उन्हात. माझेच डोळे भरून आले.

"बघा बाबू. नुसतं सोनं ओतलंय."

"बघतोय," पाठीवरून आवाज आला. "डुकरं आहेत. सहा."

"बाबा, वळा," फुंगमा म्हणाली.

कपाळावर पट्टा असला की मान वळत नाही, अख्ख्या माणसाला वळावं लागतं. मी वळलो. पाय घसरला. आम्ही दोघं खाजऱ्या झुडपांत जाऊन बसलो. फुंगमाने आम्हाला ओढून काढेपर्यंत ढग परत आला होता.

बाबूंनी खाजवत खाजवत चहा घेतला.

"हर्कदाजू, मनाला लावून घेऊ नका. जेवण फार छान होतं. पण आमची माणसं डोंगर बघायला येतात."

"दिसला होता, बाबू."

"तुम्हाला."

बुधवारी फुंगमाने बरणीभर लोणचं घातलं.

"एवढं कोण खाणार?" मी विचारलं.

"तुम्हीच. आता दुसरं कोण आहे?"

थांब म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण हो म्हणून बसलो होतो.

गुरुवारी स्टँडवर दाट धुकं होतं. तिला जीपमधे बसवून वाटेत खायला मोमो आणायला गेलो, रांगेत उभा राहिलो, परत आलो. पांढरी जीप उभी होती. काचा धुरकट, आतलं काही दिसेना. मी खिडकीजवळ उभा राहून हात हलवत राहिलो. नीट जेव म्हटलं, फोन कर म्हटलं, नाही आवडलं तर परत ये म्हटलं, घर तुझंच आहे.

बऱ्याच वेळाने ड्रायव्हर चहा पिऊन आला.

"दाजू, ही दुपारची गाडी. आत कुणी नाहीये. सकाळची भरली तशी सुटली."