पाहुणीचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच बजावून ठेवते. माझी सुई सरळ आहे, चाक हलकं फिरतं, आणि माझा पट्टा तर तुमच्या दप्तराच्या पट्ट्यापेक्षा मजबूत आहे. तरीही गेलं वर्षभर मी दिवेआगरजवळच्या एका गावात, ओटीच्या कोपऱ्यात, अंगावर चादर घेऊन बसले आहे. मला कोणा दुष्टाने बसवलेलं नाही. भल्या माणसांनी बसवलं. गोष्ट गोड नाही, पण ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यातला. बिडाचं अंग, त्यावर काळा रंग आणि कपाळावर सोनेरी वेलबुट्टी. तेव्हा मी देखणी होते आणि मला त्याचा गर्वही होता. माझ्या मालकिणीच्या, कोकिळाच्या, वडिलांनी तिच्या लग्नात आंदण द्यायला मला मुरुडच्या दुकानातून घेतलं. सासरी निघताना आधी एसटीच्या टपावर आणि मग आगरदांड्याहून लाँचमध्ये बसून मी खाडी ओलांडली. लाँच डुलायला लागली तशी नवी नवरी नवऱ्याचा हात सोडून माझं चाक घट्ट धरून बसली. तेव्हापासून आमचं दोघींचं जमलं.

तिचा नवरा सदा लोकांच्या वाड्यांमध्ये नारळ-सुपारी उतरवायचा. कोकिळा माझ्यावर पोलकी, परकर, उशांचे अभ्रे शिवायची. पण आमचा खरा हंगाम शाळेच्या गणवेशांचा. गावात एका संस्थेची शाळा आहे, तिचं वसतिगृह आहे, आणि डोंगराकडच्या पाड्यांवरची मुलं तिथे राहतात. चैत्र आला की मुख्याध्यापक हरी सर निरोप द्यायचे, "कोकिळाबाई, मापं घ्या." मग ओटीवर पोरांची झुंबड. कोणी छाती फुगवायचं, कोणी पोट आत ओढायचं.

"श्वास सोड रे मेल्या! न्हायतर जूनमंदी बटनं तुटतील," कोकिळा ओरडायची.

प्रत्येक फ्रॉकला खाली ती मोठी दुमड ठेवायची. पोरगी वाढली की दुमड उसवायची आणि तोच फ्रॉक दुसऱ्या वर्षी चालवायचा. शाळा उघडली की ती दारात उभी राहून निळे फ्रॉक आणि आकाशी सदरे रस्त्याने जाताना बघायची. मला म्हणायची, "बघ, आपली पोरं चालली." त्या एका सकाळसाठी मी वर्षभर खडखडायला तयार होते.

मग दोन हजार वीसचं वादळ आलं. कौलं उडाली, वाड्या आडव्या झाल्या. कोकिळाने आधी मुलीला, अमिषाला, खाटेखाली सारलं आणि लगेच मला स्टँडवरून उतरवून तिच्या शेजारी ढकललं. आम्ही दोघी वाचलो. माझा चामड्याचा पट्टा मात्र भिजून कुजला, आणि त्या जागी सुतळी आली. सुतळी सारखी घसरायची. नवी सुपारी लावली तरी ती धरायला वर्षं जातात, त्यामुळे सदाचं काम तुटपुंजं झालं. घर चालू लागलं ते माझ्या पायडलवर.

अमिषा बारावी झाली. तिला अलिबागला नर्सिंग शिकायचं होतं. त्या जूनच्या गणवेशांची शिलाई आली की तिची तिथे राहण्याची सोय करायची, असं घरात ठरलं होतं. कोकिळाने ट्रंकेत पांढरं कापडसुद्धा आणून ठेवलं. "तुजा ड्रेस मीच शिवनार. बाजारातला न्हाय," ती म्हणायची. मग अमिषा हसून माझ्यावरची धूळ पुसायची.

गेल्या मे महिन्यात शाळेत पाहुणे आले. वसतिगृहाचं छप्पर वादळापासून गळत होतं, ते नीट करून द्यायला अमेरिकेतल्या एका चर्चची तुकडी दोन आठवड्यांसाठी आली होती. मेनोनाइट नावाचा हा ख्रिस्ती पंथ. साधं राहायचं, कोणावर हत्यार उचलायचं नाही आणि कोणाचं घर पडलं तर जाऊन उभं करून द्यायचं, ही त्यांची शिकवण. मला त्यांना नावं ठेवता आली असती तर फार बरं झालं असतं. पण ठेवू कशी? पदरच्या खर्चाने आले, शाळेच्या फरशीवर झोपले, आणि आमच्या उकाड्यात छपरावर चढून कोकमासारखे लाल झाले. संध्याकाळी पेटी नाही, तबला नाही, नुसत्या गळ्यांनी चार सुरांत गायचे. ते गाणं ऐकून माझंसुद्धा लोखंड मऊ व्हायचं.

त्यांच्यात एक रूथबाई होत्या. साठी उलटलेल्या, डोक्याला अंबाडा, साधा सुती झगा. छपरावर चढणं त्यांना जमेना, म्हणून गावात फिरत होत्या. माझी खडखड ऐकून त्या थेट ओटीवर आल्या आणि माझ्या वेलबुट्टीवर त्यांनी तळहात ठेवला.

"आई, ती म्हणते, तिच्या आईकडे अश्शीच मशीन होती," अमिषाने सांगितलं. दोघींमधली दुभाषी तीच.

सुतळी बघून रूथबाई चुकचुकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पर्सचा चामडी पट्टा कापला, त्याची बारीक वादी काढली, टोकं तारेने जोडली आणि माझ्या चाकावर चढवली. वादळानंतर प्रथमच मी न अडखळता धावले. कोकिळाने त्यांना घावणे आणि नारळाचा रस खाऊ घातला. मग त्या रोजच येऊ लागल्या. एकीने कापायचं, दुसरीने शिवायचं. लग्नसराईची पोलकी चालली होती. गणवेशांचं कापड कापून, गाठोडं बांधून आतल्या खोलीत ठेवलेलं होतं. ते रूथबाईंनी पाहिलं नाही आणि त्याबद्दल कोणी बोललंही नाही.

पाहुणे निघायच्या आधी शाळेत कार्यक्रम झाला, सुट्टीवर गेलेल्या पोरांनाही त्यासाठी बोलावून घेतलं. रूथबाईंचा हट्ट, की मशीनही आणायची. सदाने मला उचलून शाळेच्या पडवीत नेलं. मला झेंडूचा हार घातला, मित्रांनो! आयुष्यात पहिल्यांदा. मी फुगून बसले होते, तेवढ्यात माझ्या शेजारी मोठी खोकी आणून ठेवली आणि उघडली.

आत निळे फ्रॉक होते. आकाशी सदरे होते.

रूथबाई बोलू लागल्या आणि अमिषा एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. "आमच्या चर्चमधल्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून दूरच्या लोकांसाठी शिवतात. या वर्षी आम्ही तुमच्या सगळ्या मुलांसाठी..." इथे अमिषा थांबली. तिने आईकडे बघितलं. पोरं टाळ्या वाजवत होती. मग तिने वाक्य पुरं केलं.

कोकिळा पुढे झाली. तिने एक फ्रॉक उचलला, उलटा केला आणि आतली शिलाई बघितली. मीही बघितली. एक टाका वाकडा नव्हता. शिलाई वाईट असती तर आम्हा दोघींना तेवढा तरी आधार झाला असता.

"लई सुरेख शिवलंय. सांग तिला," कोकिळा म्हणाली. अमिषाने सांगितलं. रूथबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

हरी सर हळूच माझ्यामागे येऊन उभे राहिले. "कोकिळाबाई, मागच्या वर्षी त्यांनी विचारलं, मुलांना काय हवंय? मी गणवेश म्हटलं, मापंही कळवली. खरंच येतील असं वाटलं नव्हतं हो. आता परवा खोकी दाखवली तेव्हा कळलं. धर्माच्या गाईचे दात कसे मोजायचे?"

"बरोबर हाय सर," कोकिळा म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी त्या दिवशी हार घालून बघितला.

एवढ्यावर भागलं नाही. मापं मागच्या वर्षीची, त्यात अंदाजाने वाढवलेली, त्यामुळे निम्मे फ्रॉक खांद्यात ढगळ निघाले. रूथबाईंना उलट आनंदच झाला. आपण दोघी मिळून आवळू या, म्हणाल्या. आणि शेवटचे दोन दिवस कोकिळाने माझ्यावर तेच फुकटचे गणवेश दुरुस्त केले. आता सांगा, सेवा करायला परदेशातून कोण आलं होतं आणि केली कोणी?

रूथबाई पाणी प्यायला विहिरीकडे गेल्या तेव्हा अमिषा म्हणाली, "आई, मी सांगते तिला. आपलं काम गेलं, एवढं तरी तिला कळू दे."

"गप बस. पाव्हनी हाय ती. येवढ्या लांबून पोरांसाठी शिवून आनलंय. जाताना रडवत धाडू तिला?"

"आणि मी?"

कोकिळाने पायडल जोरात मारलं, आणि मी माझ्या आवाजात तो प्रश्न बुडवला. काय करणार? मला तेवढंच येतं.

निघताना रूथबाईंनी कोकिळाला मिठी मारली, माझ्या कपाळावर थोपटलं आणि म्हणाल्या की आता आमचं मंडळ दरवर्षी गणवेश पाठवेल. तेही अमिषानेच भाषांतर करून सांगितलं, एक शब्द न गाळता. गाडी वळणाआड गेल्यावर ती विहिरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

कापलेलं कापड कोणता दुकानदार परत घेतो? त्याच्या पिशव्या झाल्या. शाळा उघडली त्या सकाळी कोकिळा दारात आली नाही. अलिबागचं राहून गेलं. पुढच्या वर्षी बघू, असं सदा म्हणाला. यंदाही खोकी आली आहेत. रूथबाई तिकडे माझी आठवण काढत असतील, कारण त्या मनाने चांगल्या आहेत. मला याचाच जास्त राग येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल घाला, त्यांची निगा राखा, असा उपदेश माझ्या जातीने करायचा असतो. मी नाही करणार. तेल मला आहे. मी वेगळंच मागते. कोणाला काही द्यायला निघालात की "काय हवंय?" असं विचारता, चांगलं करता. त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा: हे काम इथे आजवर कोण करत आलंय? आणि तिच्या दारी जाऊन मगच द्या.

परवा माझ्यावरची चादर एकदा निघाली. समुद्राकडच्या लॉजवर अमिषा चादरी बदलायच्या कामाला लागली आहे. तिथून तिला तयार गणवेश मिळाला, मरून रंगाचा, कमरेत ढगळ. कोकिळाने तो उलटा करून आतली शिलाई बघितली. ट्रंकेतलं पांढरं कापड तिला आठवलं असणार. ती माझ्यासमोर बसली, पाय पायडलवर ठेवला आणि मुलीचा गणवेश आवळला. रूथबाईंचा पट्टा जरासुद्धा घसरला नाही.