नगरपालिकेच्या पायऱ्यांवरची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे अगदी भंगारात काढायच्या वयाची. पण अजूनही अख्ख्या नगरपालिकेची पेज माझ्यात एका वेळी शिजते. माझी एक कडी दुसरीपेक्षा लहान आहे आणि स्वभाव जरा तापट आहे. जिचा जन्मच तापण्यासाठी झाला, तिच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार?

दूर पूर्वेच्या समुद्रातल्या पनाय बेटावरच्या एका ओतशाळेत मी जन्मले. बोटीचा मोडका नांगर आणि साखर कारखान्यातली झिजलेली चाकं वितळवून मला ओतलं, असं ओतारी सांगत असे. आमच्या गावच्या नगरपालिकेतल्या कामगारांच्या संघटनेने नाताळच्या जेवणासाठी वर्गणी काढून मला विकत घेतलं. नाताळ संपला, पण मला काही सुट्टी मिळाली नाही. कुणाची बढती, कुणाच्या घरचं बारसं, वादळात कुणाचं छप्पर उडालेलं, काहीही झालं की मला चुलीवर चढवायचे. तांदळाची आलं घातलेली पेज शिजायची. तिला इथे लुगाव म्हणतात. दिवस बरे असले तर तिच्यात कोंबडी पडायची, नाहीतर सोबत सुकी मासळी.

सगळ्यात मानाचा दिवस म्हणजे कुणी निवृत्त होण्याचा. त्या दिवशी निवृत्त होणाऱ्याने सगळ्यांना आपल्या हाताने वाढायचं आणि तळाला धरलेली खरवड मात्र त्याने एकट्याने खायची, अशी आमची रीत होती. त्या खरवडीला साहेबसुद्धा हात लावत नसत. इतकी वर्षं राबलेल्या माणसाचा तो हक्क होता.

मला सांभाळायची ती मनांग पासिंग. मनांग म्हणजे थोरली बहीण; आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात, आणि पुरुषाला मनोंग. ती पहाटे खराटा घेऊन रस्ते झाडायची आणि दुपारी माझ्यापाशी असायची. तिचा नवरा मासेमारी करायचा, पण अर्धांगवायूने तो खाटेला खिळला होता. पगारातून त्याचं औषध यायचं, आणि निवृत्तीनंतर ते पेन्शनमधून येणार होतं. ती निवृत्तीला आली होती.

नेमक्या त्याच सुमारास राजधानीत नवा कायदा यायच्या गोष्टी सुरू झाल्या. सरकारी नोकरांच्या पेन्शनचा भार फार होतो म्हणे, म्हणून ती कापायची. संघटनेचा अध्यक्ष होता मनोंग तेरॉय, पाणीपुरवठ्यातला नळ दुरुस्त करणारा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. तो म्हणाला, "सरकारी नोकराला संप करायची बंदी आहे, जेवायची तर नाही ना? मग जेवू या. पण बाहेर बसून, सगळ्या गावाला दिसेल असं जेवू."

तेव्हापासून रोज बारा वाजले की मला नगरपालिकेच्या पायऱ्यांशी, मोठ्या शिरीषाच्या सावलीत मांडत. झाडूवाल्या, कारकून, दवाखान्यातल्या नर्सबाई सगळे जमत, झाकणं आणि बादल्या बडवत, घोषणा देत आणि मधूनमधून जेवत. एक वाजला की वाट्या धुऊन जो तो आपल्या कामावर. कुणाला नोटीस द्यायची म्हटली तरी काय लिहिणार, जेवला म्हणून? आमच्यावर नजर ठेवायला पोलीस पाठवले होते. पण पेन्शन तर त्यांचीही कापली जाणार होती. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हातात वाट्या दिसल्या. पेपरात फोटोही आला. त्यात अर्ध्या जागेत मी होते आणि उरलेल्या जागेत तेरॉयचं पोट. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला फार आवडले.

मग एका दुपारी तेरॉय राजधानीतून निरोप घेऊन आला. सरकार तडजोडीला तयार होतं. आज जे कायम नोकरीत आहेत, त्यांच्या पेन्शनला हात लागणार नव्हता. पुढे जे कायम होतील, त्यांना मात्र बरीच कमी मिळणार होती. पायऱ्यांवर सुटकेचा निःश्वास ऐकू आला. माझ्याजवळ बसून आलं चिरणाऱ्या जेनेलिनची सुरी तेवढी थांबली. ती कंत्राटावरची झाडूवाली होती आणि पुढल्याच महिन्यात कायम व्हायची होती.

तेरॉयने हात वर करायला सांगितले. मनांग पासिंग पेज ढवळतच राहिली.

"मनांग, करा ना हात वर," जेनेलिन हळूच म्हणाली. "मी तुमच्या घरी येऊन गेलेय. मला राग नाही यायचा."

"तू गप आलं चीर," मनांग म्हणाली. मग मान वर करून तिने सगळ्यांना विचारलं, "इतकी वर्षं मी या कढईतून वाढते. कधी पंक्तिप्रपंच केलाय? आधी आला त्याला घट्ट आणि मागून आला त्याला नुसतं पाणी, असं केलंय कधी?"

"आणि हट्ट धरून सगळंच गेलं तर?" तेरॉय म्हणाला. "नवऱ्याला औषध म्हणून काय घालाल, ही कढई?"

तिचे डोळे भरून आले. पण तिने हात वर केला नाही. बाकी बहुतेकांनी केला आणि तडजोड मंजूर झाली. तेरॉय वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याचीही दोन मुलं शिकत होती. तरीही त्या दुपारी मला त्याचा भयंकर राग आला होता.

वर्ष सरताना मनांग निवृत्त झाली. तिने सगळ्यांना वाढलं, आणि खरवड निघाली तेव्हा अर्धी जेनेलिनच्या वाटीत टाकली. रीत मोडली म्हणून कुणी काही बोललं नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडाने?

त्यानंतर मला फारसं कुणी बाहेर काढलं नाही. नवे लोक आपला डबा वेगळा खाऊ लागले, जुने वेगळा. निरोपाच्या दिवशी हॉटेलातून जेवणाची खोकी यायला लागली. मी कोठीत गेले, नाताळच्या फाटक्या कंदिलांच्या आणि झिजलेल्या खराट्यांच्या सोबतीला. एक मांजरी माझ्यात व्याली. मला गंज चढला. आपण कुणालाच नको आहोत, या विचाराने मी फार खचले.

अशी बरीच वर्षं गेली. जुने एकेक करून निवृत्त झाले आणि जेनेलिन संघटनेची अध्यक्ष झाली. मग सरकारला पुन्हा भार जाणवू लागला. या वेळी कात्री लागणार होती ती निवृत्तांना मिळत असलेल्या पेन्शनला. म्हणजे मनांग पासिंगच्या पेन्शनला. नवरा अजून खाटेवर होता आणि औषध आणखी महागलं होतं.

एका दुपारी म्हातारी माणसं काठ्या टेकत पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. मनांग होती. अगदी मागे टोपी खाली ओढून तेरॉयही होता. आत मात्र कुणी जागचं हललं नाही. कोठीबाहेर तरुण मंडळींचं बोलणं चाललं होतं, ते मला ऐकू येत होतं. त्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडलं, आता भोगू देत, असं ती म्हणत होती. त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला म्हणता येईना.

इतक्यात कोठीचं दार उघडून जेनेलिन आत आली.

"माझा तरी राग कुठे गेलाय?" ती मागे वळून म्हणाली. "हात धुऊन या. आलं चिरायचंय."

तिने मांजरीला हुसकावलं आणि नारळाच्या काथ्याने, वाळूने मला घासायला घेतलं. गंज काही केल्या निघेना, पण तीही हटेना. दुसऱ्या दिवशी बाराला मी पुन्हा शिरीषाखाली होते. आधी दोघी-तिघी आल्या, मग बाकीचे. जेनेलिन एकेका म्हाताऱ्याला वाढत होती. तेरॉय काही पुढे येईना, तेव्हा तीच वाटी भरून त्याच्यापाशी गेली.

"नको, पोरी," तो म्हणाला. "मी त्या दिवशी हात वर केला होता."

"माहीत आहे. मी बघत होते," ती म्हणाली. "नीट धरा, मनोंग. गरम आहे."

त्याने दोन्ही हातांनी वाटी धरली.

कायद्याचं पुढे काय होईल, मनांगच्या घरी औषध येत राहील की नाही, हे मला ठाऊक नाही, मित्रांनो. उद्या बाराला पुन्हा चूल पेटणार आहे, एवढंच ठाऊक आहे. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. एकत्र शिजवायची भांडी कोठीत टाकू नका, ती वापरात ठेवा. गंज चढायला काही लागत नाही, पण तो काढताना हात सोलवटून निघतात. जेनेलिनचे अजून बरे झालेले नाहीत.