रशियन पोथीचा सुंठवडा

सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या चाळीत श्रावणात पोथी लागायचीच. वाचणारे एकच, निंबा आबा. त्र्याहत्तरच्या श्रावणाआधी त्यांनी वरचे सगळे दात काढून घेतले आणि ओवीऐवजी नुसती हवा येऊ लागली. लोक तोंडावर पदर धरून हसले, तसे आबा रुसले आणि पोथी फडक्यात बांधून ठेवली.

तेव्हा माझी शेजारीण प्रभावती म्हणाली, "मग माझं पुस्तक वाचू?"

झालं. तिच्या सासूच्या, धुरपदाबाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. ते पुस्तक म्हणजे त्यांना सवत वाटायची. प्रभावतीचे वडील अंकलेश्वरला तेलविहिरींच्या वसाहतीत रखवालदार होते. तिथल्या एका रशियन बाईंनी हिला लहानपणी आपली भाषा शिकवली आणि मायदेशी परतताना एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. पोरी सासरी भांडी आणतात, हिने ती कादंबरी आणली. भाकरी थापून झाल्या की ही त्यात डोकं घालून बसायची. ती खरंच वाचते असं चाळीत कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. कोंबडी नाचून गेल्यासारखी ती अक्षरं, त्यात वाचण्यासारखं असणार काय?

"वाच," धुरपदाबाई म्हणाल्या. "पन मधमा एक बी मानूस उठनं, ते पुस्तक पस्तीवालाले देसू."

"चालेल, आत्याबाई," प्रभावती म्हणाली. मला तर तिचा रागच आला. कुणी मधे उठलं की पुस्तक रद्दीत; एवढं जिवापाड जपलेलं कुणी असं पणाला लावतं का? पण पोथी चालू असताना मधे उठू नये हा आमच्याकडचा नेम, त्यावर तिची भिस्त असावी.

संध्याकाळी ओट्यावर पाट मांडला. सवयीने कुणीतरी पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, मंगलाबाईने तर डोकंही टेकलं. प्रभावती हसली नाही. पोथीच्या रीतीने आधी मूळ ओळ मोठ्याने वाचायची आणि मग अर्थ सांगायचा, तसंच तिने सुरू केलं. ओळ रशियन, अर्थ आमच्या अहिराणीत. नदीवर होडी चालवणारी एक बाई, नवरा वारलेला, पोटात मूल, आणि दीर म्हणतो होडी माझ्या हवाली कर.

"मनमानं सांगी ऱ्हायनी ती," मागून मगन पुटपुटला, म्हणजे मनाचंच रचून सांगतेय. मगन मागावर काम करायचा, पण जीभ त्याहून जास्त चालवायचा.

निंबा आबा बसल्या बसल्या सरकत पाटाशी गेले आणि तिच्या ओळीवर आपलं बोट ठेवलं. 'रिका' म्हणजे नदी, असं तिने सांगितलं होतं. ती 'रिका' म्हणाली की आबांचं बोट थांबायचं. दरवेळी तीच चार रशियन अक्षरं. पुढे पुढे तर तिने म्हणण्याआधीच आबांना ती नदी सापडू लागली.

"चूप बैस, मगन," आबा म्हणाले. दात नसले तरी सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "बाई वाची ऱ्हायनी."

मग कोण हलतंय. नदी गोठत चालली होती. बर्फ आम्हाला गाडीवरच्या गोळ्यापुरताच ठाऊक, पण मधल्या धारेत त्या बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्हा बायकांना अर्थ सांगायची गरज उरली नाही. मी माझ्याच पदराचं टोक चावत होते. प्रभावतीने एक लहानशी ओळ वाचली आणि मान वर करून म्हणाली, "पोऱ्या व्हयना." मुलगा झाला होता.

आणि धुरपदाबाई उठल्या.

कुणाकडे न बघता सरळ घरात गेल्या. प्रभावतीचे डोळे भरून आले. माझ्या तर तोंडात शिवी आली होती. नेम मोडायचा तो म्हातारीनेच मोडावा? प्रभावती पुस्तक मिटायला गेली, पण आबांनी ओळीवरचं बोट काढलं नाही.

तेवढ्यात घरातून खलबत्त्याचा आवाज येऊ लागला.

धुरपदाबाई बाहेर आल्या त्या ताटली घेऊन. ताटलीत सुंठ, साखर, किसलेलं खोबरं. पोथीत जन्म आला की आमच्याकडे सुंठवडा वाटतात. हे मेलं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही.

"जनम व्हयना आनि सुंठवडा नही?" त्यांनी चिमूटभर पुस्तकापुढे ठेवला आणि पहिला घास सुनेच्या तोंडात घातला. "रडस कसाले? नाव काय ठेवं पोऱ्यानं?"

प्रभावतीने पान उलटलं, डोळे पुसले आणि वाचलं, "येगोर."

धुरपदाबाई वाकल्या. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते तशा त्या पुस्तकाशी वाकल्या आणि पानात म्हणाल्या, "येगोर." आम्ही सगळ्या बायकांनी त्यांच्या पाठीवर धपाधप थापा मारत 'कुर्रर्र' केलं. पलीकडच्या चाळीतले लोकही बघायला आले.

पाठ चोळत धुरपदाबाई पाटाला अगदी खेटून बसल्या.

"आते पुढलं वाच," त्या सुनेला म्हणाल्या. "पन पहिले येगोरनी भाषामा."