गुरुत्वाकर्षणाची खूण

कर्णबधिर मुलांच्या वर्गात विज्ञानाच्या बाईंचं घोडं गुरुत्वाकर्षणापाशी अडलं होतं. या शब्दाची खूण त्यांना ठाऊक नव्हती. त्या एकेक अक्षर बोटांनी दाखवेपर्यंत मुलं खिडकीबाहेर बघायला लागायची. शेवटी त्यांनी भिंतीवरचा मोठा टचस्क्रीन सुरू केला. त्यावर बोटाने चेंडू सोडला की पृथ्वीवर तो धपकन पडायचा, चंद्रावर मात्र रमतगमत खाली यायचा. मुलांची झुंबड उडाली.

खेळता खेळता एक चुळबुळी मुलगी थांबली. तिला सगळे चिमणी म्हणत. तिने एका हाताने आपल्याच दुसऱ्या हाताचं मनगट धरून खाली ओढलं.

“हे काय गं?” बाईंनी खुणेने विचारलं.

“पृथ्वी आई आहे,” चिमणीचे हात भराभर बोलू लागले. “पळणाऱ्या पोराला खेचून घेते. चंद्र म्हणजे आजी. तीही ओढते, पण तिच्या हातात जोर नाही.”

वर्ग पोट धरून हसला आणि जो तो तीच खूण करू लागला. बाईंना वाटलं, आपण शब्द शोधत बसलो आणि पोरीने अर्थच पकडला. त्यांनीही खूण करून पाहिली.

चिमणीने कपाळावर हात मारला. मग पुढे येऊन तिने बाईंची बोटं मनगटावर नीट बसवून दिली.