धुलाईघरातली बाई

कचेरीत तिला दोघंही वेलांटीताई म्हणत. दोघं म्हणजे मालक आणि प्रोग्रामर. तिसरं माणूस तिथे नव्हतंच. नाव मात्र जुन्या छापखान्यातून तिच्याबरोबर आलं होतं. तिथे तिने सव्वीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून कधी निसटली नाही. जुळणीखात्यातले लोक म्हणत, "ढेकणालासुद्धा ही आधी ऱ्हस्व की दीर्घ विचारेल, मग मारेल." छापखाना बंद पडला त्याच वर्षी आई गेली. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली आई आणि सव्वीस वर्षांची नोकरी, दोन्ही चार महिन्यांच्या अंतराने सुटली. बावन्नाव्या वर्षी वेलांटी अगदी मोकळी झाली, आणि या मोकळेपणाचं करायचं काय हे तिला कोणी सांगितलं नाही.

मग हे काम मिळालं. चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, तीन टेबलं. मालक अठ्ठावीस वर्षांचा, सदा घाईत, पण मनाने चांगला. "मला तू म्हणा हो," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि वेलांटीला ते आजवर जमलं नव्हतं. प्रोग्रामर कानांवर हेडफोन चढवून भिंतीकडे तोंड करून बसे. त्याला हाक मारायची तर टेबल वाजवावं लागे.

त्यांनी एक खेळ काढला होता. पडद्यावर चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. 'समोर शाळेचं फाटक आहे' असं वाचायचं, आणि आपल्याला काय करायचंय ते खाली टाइप करायचं: 'फाटक उघड', 'आत जा'. शाळा साधी नव्हती. तिथे सुपरहिरो घडवत. एका मुलाचा हात तिसऱ्या मजल्यापर्यंत लांबायचा, पण परत आखडायला अर्धा तास लागायचा. एका मुलीला अदृश्य होता यायचं, पण कोणी बघत नसेल तेव्हाच. त्यामुळे बिचारीवर कोणाचा विश्वास बसत नसे. खेळणारा म्हणजे शाळेत नव्याने दाखल झालेला विद्यार्थी. परीक्षा द्यायच्या, पडायचं, उठायचं, शेवटी आपली शक्ती सापडायची.

वेलांटीचं काम निराळं होतं. लोक भलतंच काहीतरी टाइप करायचे आणि खेळाला ते कळायचं नाही. तेव्हा पडद्यावर यायचं, 'असं इथे करता येत नाही.' अशी न समजलेली वाक्यं रोज सकाळी एका यादीत तिच्यासमोर येत. कोण खेळतंय ते कळत नसे. नुसता एक क्रमांक आणि वेळ. त्यातली वारंवार येणारी वाक्यं निवडून त्यांना उत्तरं लिहायची, म्हणजे पुढच्या वेळी खेळ गप्प बसणार नाही. यादीत काय नसायचं! 'मुख्याध्यापकांना चाव.' 'छतावरून जा आणि पडू नकोस.' 'शाळा जाळ.' 'पुन्हा जाळ.' वेलांटी शांतपणे उत्तरं लिही: 'मुख्याध्यापक कडक आहेत. दात दुखतो.'

त्या यादीत एका सोमवारी ४१७ क्रमांकाचं एक वाक्य होतं: 'बाईला नमस्कार कर.'

कुठली बाई ते वेलांटीला आठवेना. शोधल्यावर सापडली. शाळेच्या मागच्या अंगाला एक धुलाईघर होतं, आणि त्याच्या वर्णनात शोभेपुरती एक ओळ: 'एक बाई विद्यार्थ्यांच्या केपच्या घड्या घालते आहे.' तिथे घडायचं काहीच नव्हतं. लोक डोकावत आणि निघून जात.

मंगळवारी त्याच क्रमांकाचं होतं, 'बाईंच्या शेजारी बस.' बुधवारी, 'बाईंना विचार जेवलात का.' वेळ रोजची ठरलेली, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. आणि तीनही दिवस खेळाने एकच उत्तर दिलं होतं: असं इथे करता येत नाही.

वेलांटी स्वतःही त्याच सुमारास टेबलावर डबा उघडून, यादीकडे बघत जेवायची. तिने घास खाली ठेवला आणि लिहिलं: 'बाई जरा सरकून घेते. बाकावर जागा होते.' आणि खाली: 'जेवले की,' बाई म्हणते. 'तुझं व्हायचं असेल तर इथेच खा. इथे कोणी येत नाही.'

नियमाप्रमाणे हे करायला नको होतं. एकट्या माणसाच्या वाक्यासाठी उत्तर लिहायचं नसे. पण एवढ्याने कुठे आभाळ कोसळणार होतं?

गुरुवारी ४१७ शेजारी बसलं. यादीत नवं वाक्य आलं: 'घड्या घालायला मदत कर.' वेलांटीने उत्तर लिहिलं, ते शुक्रवारी तिकडे वाचलं गेलं, आणि तिकडून आणखी एक प्रश्न आला. एका प्रश्नाला एक दिवस, अशा चालीने ते बोलणं सुरू झालं. पत्र टाकावं आणि पोस्टमनची वाट बघावी, तसं. 'किती वर्षं आहात इथे?' वेलांटीने लिहिलं, 'अकरा.' 'कंटाळा येत नाही?' 'येतो. मग घड्या उलट्या बाजूने घालते.' पुढच्या आठवड्यात विचारणा झाली, 'घरी कोण असतं?' त्यावर वेलांटीने अख्खी सकाळ घालवली. चार उत्तरं लिहून खोडली. पाचवं ठेवलं: 'आई होती,' बाई म्हणते. आणि ती हातातली केप झटकते.

ते ४१७ बाई आहे की पुरुष हे तिला बरेच दिवस कळलं नव्हतं. 'बस', 'विचार', 'मदत कर' यातून काय कळणार? एके दिवशी मात्र आलं: 'बाईंना सांग, आजही एकटीच जेवले.' वेलांटीने ती ओळ दोनदा वाचली. मग डबा बंद करून पोळीचा तुकडा कागदात गुंडाळला, कारण खाणं सुचेना. उत्तर काय लिहावं? आणि ते सगळ्यांनाच दिसणार. तिने एवढंच लिहिलं: 'बाई ऐकून घेते. उठायची घाई करत नाही.'

दर रविवारी भावाचा फोन येई. म्हणजे फोन भाऊ लावी आणि बोले भावजय.

"वन्सं, या ना राहायला इकडे. एकट्या काय करता तिथे?"

"येईन की," वेलांटी म्हणे. तिकडे दोनच खोल्या आहेत आणि भाच्याचं टेबल कुठे हलवायचं हा प्रश्न आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. एकदा तिने भावाला सांगून पाहिलं, की अरे, एक गंमत चाललीये आमच्या खेळात. "खेळ?" भाऊ हसला. "ताई, तू या वयात खेळ खेळतेस?" तिने विषय तिथेच मिटवला.

दोन महिने असे गेले. वेलांटी सकाळी लवकर यायला लागली. जिन्यातून येतानाच आज काय आलं असेल याचा विचार चालू असे. प्रोग्रामर एकदा हेडफोन काढून म्हणाला, "तुम्ही गुणगुणत होतात." ती ओशाळली.

आणि एका सकाळी मालक खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. चेहरा फुललेला.

"ताई, धुलाईघरात काय केलंय तुम्ही?"

तिने हात कळफलकावरून काढले. "काही नाही. थोडी उत्तरं लिहिली."

"अहो, या महिन्यात तीनशे माणसं त्या बाकावर जाऊन बसलीयेत! लोक एकमेकांना विचारतायत, ही बाई कोण? ही नुसती कपडे धुणारी नसणार. नक्की शाळेतली सगळ्यात जुनी सुपरहिरो असणार, वेष पालटून बसलेली."

"नाही हो," वेलांटी म्हणाली. "तिला काही येत नाही. घड्या घालते ती."

"तेच तर!" त्याने टेबलावर थाप मारली. "घड्या! ती कशाचीही घडी घालू शकते. इमारतीची घडी, रस्त्याची घडी. शेजारी जो बसेल त्याची ती परीक्षा घेईल. पास झाला तर तिची विद्या त्याला मिळेल. लोक तिथवर येतात, ताई, तर त्यांना काहीतरी मिळायला नको?"

"बसायला मिळतं की."

तो हसला. तिने विनोद केला असं त्याला वाटलं. पुढे बोलावं असं तिच्या जिभेवर आलं, पण बोलणार काय? एक कोणीतरी रोज एक वाजून दहा मिनिटांनी येते आणि मी तिच्याशी बोलते, असं? कोण, तर माहीत नाही. तिलाही माझा पत्ता नाही. ऐकणाऱ्याने वेड्यात काढलं असतं.

तिने लिहिलं. आणि काम हातात घेतलं की ते अर्धवट करणं तिच्या रक्तात नव्हतं. बाई उठते, खिडकीबाहेरचा मनोरा दोन बोटांत धरते, चादरीसारखा झटकते आणि चौघडी करून कपाटात ठेवते, हा प्रसंग तिने असा रंगवला की प्रोग्रामरने तो वाचून मान डोलावली. आजवर लिहिलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं होतं, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं. जुनी उत्तरं काढून टाकली गेली. आता 'बस' म्हटलं की परीक्षा सुरू होई.

सोमवारी नवं धुलाईघर उघडलं. मंगळवारी सकाळी यादीत ४१७ होती.

'परीक्षा नको.'

'नुसतं बसायचं आहे.'

'बाईंना विचार काय झालं.'

'बाहेर जा.'

शेवटचं खेळाला समजलं होतं; वेलांटीने त्या दिवशीचा सगळा माग काढून बघितला म्हणून तिला दिसलं. बुधवारी ४१७ आली नाही. गुरुवारीही नाही.

तिने प्रोग्रामरचं टेबल वाजवलं. "एखाद्या क्रमांकाला आपल्याकडून काही कळवता येतं का?"

"नाही. पत्ता आपण ठेवतच नाही." मग तिच्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "कोणी ओळखीचं होतं का?"

"नाही," ती म्हणाली. खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

आठवडाभराने ती मालकापुढे जाऊन उभी राहिली. आजवर तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, रजासुद्धा. "धुलाईघराच्या मागे मला एक खोली हवी आहे," ती म्हणाली. "एक बाक. बाई तिथे दुपारी विश्रांतीला जाते. परीक्षा नाही, विद्या नाही."

"मग तिथे मिळणार काय?"

"काही नाही."

मालक कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत राहिला. त्याला पटलं नव्हतं, हे दिसत होतं. पण ती पहिल्यांदाच काही मागतेय, हेही त्याच्या लक्षात आलं असावं. "घ्या," तो म्हणाला. "एका खोलीने काय बिघडतंय."

तिने जुनं सगळं परत लिहिलं. कोणी 'बाईंना सांग' म्हणून काहीही सांगितलं तरी 'बाई ऐकून घेते' असं येईल, ही सोय प्रोग्रामरकडून करून घेतली. मग वाट बघत बसली. लोक त्या खोलीत येत, 'भिंत ढकल', 'बाक उलटा कर', 'गुप्त दार शोध' असं करून बघत, आणि काही हाती लागलं नाही की चालू पडत. त्यांचं काय चुकलं? चौथ्या आठवड्यात वेलांटीने वाट बघणं सोडलं. निदान स्वतःला तसं सांगितलं.

सहाव्या आठवड्यात ४१७ आली. एक वाजून दहाला नाही, सकाळी अकरा वाजता. खोली कशी सापडली कोण जाणे. ती आधी बसली. मग तिने तीन वाक्यं टाइप केली होती.

'बाईंना सांग, माझी बदली झाली.'

'बाईंना सांग, नव्या ठिकाणी चौघीजणी मिळून जेवतात, मलाही बोलावतात.'

'बाईंना सांग, आता इकडे यायला जमेलसं वाटत नाही.'

तिन्ही वेळा खेळाने उत्तर दिलं होतं: बाई ऐकून घेते. मग ती उठून गेली होती. वेलांटी अजूनही रोज त्या खोलीचा सगळा माग काढून बघे, म्हणून हे दिसलं.

वेलांटीला आधी आनंद झाला, खरा, डोळ्यांत पाणी आणणारा. आणि त्याच्या पाठोपाठ त्या चौघींचा राग आला. कोण कुठल्या, तोंडंसुद्धा माहीत नाहीत, आणि तिला वाटलं, यांनी माझं माणूस पळवलं. असं वाटल्याची तिला लाज वाटली. तिने त्या वाक्यांखाली नवं उत्तर लिहून ठेवलं: 'बरं झालं,' बाई म्हणते. 'पोटभर जेव.' बदली झाली असं त्या खोलीत येऊन पुन्हा कोणी सांगितलं तरच ते दिसणार होतं. आजवर कोणी सांगितलेलं नाही.

त्या रविवारी भावजयीचा फोन आला तेव्हा भाऊ बाहेर गेला होता. "काय विशेष, वन्सं?" तिने नेहमीप्रमाणे विचारलं, आणि वेलांटीने, स्वतःलाही नवल वाटावं अशा तऱ्हेने, सगळं सांगून टाकलं. धुलाईघर, बाक, एक वाजून दहा, चौघीजणी. भावजय मध्ये एकदाही बोलली नाही. 

"अगंबाई," भावजय हळूच म्हणाली. "म्हणजे तिला कळलंच नाही, ते तुम्ही होतात?"

"कसं कळणार?"

"हो. तेही खरंच." मग तिने विचारलं, "आणि आता जेवता तुम्ही नीट?"

"जेवते."

पलीकडे दारावरची घंटा वाजली. भाऊ आला होता. "पुढच्या रविवारी बोलू हं," भावजय म्हणाली, आणि मग जरा घाईघाईने, "नाहीतर मध्येच लावा ना कधी. दुपारची मी असते घरी."

वेलांटीने फोन ठेवला. कपाटातून आईच्या दोन चादरी काढल्या, उन्हात टाकायच्या म्हणून. तेवढं काम झालं, आणि घड्याळात अजून अकराच वाजले होते.