मोसंबीच्या खिडकीची जाळी

मित्रांनो, एका खिडकीची जुनी जाळी तुमच्याशी बोलते आहे. लोखंडी चौकट आणि बारीक तार, एवढंच माझं अंग. इतवारी बाजारातल्या अरुंद गल्लीत मी तयार झाले आणि लकडगंजमधल्या एका घरात, तिसऱ्या मजल्यावर आले. तिथं दोन मैत्रिणी भाड्यानं राहत होत्या. सुरुची नरखेडकडची, औषधांच्या दुकानात कामाला. गार्गी घरूनच लॅपटॉपवर काम करायची. सुरुचीनं गावाहून मांजरीचं पिवळसर पिल्लू आणलं होतं, मोसंबी. तिच्यासाठीच मला बसवलं होतं.

चार वर्षं मोसंबी मला टेकून सकाळचं ऊन खात बसली. कबुतर फडफडलं की ती झेप घ्यायची. तिच्या नखांनी माझ्या तारा वाकल्या, पण मी सुटले नाही. मला पुसताना सुरुची म्हणायची, “तू हायेस म्हणून मी बिनघोर कामावर जाते वं.”

यंदा एप्रिलमध्येच जीव नकोसा झाला. गार्गीनं कूलर मागवला. तो बसवायला आलेल्या देवाजींनी मला काढून भिंतीशी उभं केलं आणि माझ्या जागी कूलर बसवला.

“ताई, बाजूले वीतभर फट राहून राहिली. फळी ठोकून देऊ का?”

“उद्या या दादा. आता माझी मीटिंग आहे.”

दुपारी काम संपवून गार्गी झोपली. मोसंबी फटीशी आली. बाहेर कबुतर होतं. मी चार हात दूर उभी होते, मित्रांनो. मला हलता येत नव्हतं. कूलरच्या घरघरीत गार्गीला काहीच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी सुरुची आली. “मोसंबी कुठं हाय?” दोघींनी पलंगाखाली, कपाटामागे पाहिलं. मग सुरुचीची नजर त्या फटीवर गेली आणि ती अनवाणीच जिना उतरली. खाली पडलेल्या मोसंबीला टॉवेलात गुंडाळून दोघी दवाखान्यात घेऊन गेल्या. परतल्या तेव्हा टॉवेल रिकामा होता.

“मी उद्या फळी ठोकून घेणार होते गं,” गार्गी रडत म्हणाली.

“मले एक फोन तरी करायचा वं.” सुरुची एवढंच बोलली.

पुढच्या महिन्यात सुरुची दुसरीकडे राहायला गेली. गार्गीनं फट बुजवली. मी आता माळ्यावर गंजते आहे.

गार्गी वाईट नव्हती. मांजर सुरुचीचं, काळजीही सुरुचीची, असं तिला वाटत राहिलं. मित्रांनो, तुमच्या घरात चार माणसं आणि एक मांजर असेल, तर ते चौघांचं समजा. खिडकी उघडलीत, जाळी काढलीत, तर बाकीच्यांना लगेच सांगा. फट बुजेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा, पाणी द्या, दार लावा.

त्या दुपारी आतली खोली रिकामीच होती. मोसंबीला तिथं ठेवून दार नुसतं लोटलं असतं, तरी पुरेसं झालं असतं.